‘बसतो’, ‘घेतो’, ‘लागते’ : एका दुकानदाराच्या चौदा वर्षांचं प्रकरण

या प्रकरणातल्या माणसाला आपण राजाभाऊ म्हणू. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी व्यसनमुक्ती विभागात समुपदेशक म्हणून काम करते. राजाभाऊंची आणि माझी पहिली भेट वॉर्डात झाली तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. त्यांचे दोन्ही हात मऊ पट्ट्यांनी खाटेला बांधलेले होते, कारण अंगावर मुंग्या चढताहेत असं वाटून ते सलाईनची सुई उपटून काढत होते. तिथवर पोचायला त्यांना चौदा वर्षं लागली. ती वर्षं घरातल्यांना, मित्रांना आणि डॉक्टरांना दिसत होती, तरी त्यांत काय चाललंय ते कुणाला कळलं नाही. हे लिहिण्यामागचं कारण तेवढंच आहे.

पार्श्वभूमी

राजाभाऊंचं लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. घर माळकरी, वडील दर वर्षी पायी वारीला जाणारे. घरात कुणी दारूला शिवलेलं नव्हतं. मामा मात्र देशी पिऊन पंचेचाळिशीत गेले होते. त्यांचं नाव घरात निघत नसे. व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, त्यामुळे हा मामा या प्रकरणात महत्त्वाचा आहे. पण राजाभाऊंना तो फक्त ‘वाया गेलेला माणूस’ म्हणून माहीत होता.

दुकान २००८ साली सुरू झालं. पहिल्याच वर्षी एका कंपनीच्या डीलर मेळाव्यात, नव्या वाणांची माहिती देऊन झाल्यावर रात्रीच्या जेवणाला, शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या दुकानदारानं त्यांच्या हातात ग्लास दिला. म्हणाला, “धंद्यात राहायचं तर बसावं लागतं, भाऊ.” राजाभाऊ बसले.

हा शब्द मला इथं सोडवत नाही. आपल्याकडे दारूला वेगवेगळी क्रियापदं आहेत आणि प्रत्येक क्रियापद माणसाची वेगळी पायरी दाखवतं. ‘बसणं’ म्हणजे चार माणसं, चकणा, गप्पा. ‘घेणं’ म्हणजे सभ्य माणसाचं काम. ‘पिणं’ दुसऱ्याचं, रस्त्यावर पडणाऱ्याचं. आणि शेवटी ‘लागते’. या शब्दात माणूस कर्ता उरतच नाही. राजाभाऊ वॉर्डातल्या चौथ्या दिवशी, भान आल्यावर, मला म्हणाले, “मॅडम, मी कधी पीत नव्हतो. बसायचो. मग घ्यायला लागलो. आता ती मला लागायलीय.” त्यांच्या आजाराचा इतका नेमका इतिहास मला केसपेपरवर लिहिता आला नसता.

पहिली पाच-सहा वर्षं बसणं महिन्यातून एखाद-दोनदा होतं. आखाडातली मटणाची पार्टी, कुणाची कंदुरी, ग्रामपंचायतीच्या निकालाची रात्र, कंपनीनं टार्गेट पूर्ण झाल्यावर काढलेली सहल. प्रमाण दोन लार्ज, म्हणजे ६० मिलीचे दोन पेग. श्रावणात पूर्ण बंद. मित्रांमध्ये एक गोष्ट कौतुकानं सांगितली जायची : राजाला चढतच नाही, सगळ्यांना गाडीवर बसवून घरी सोडतो. चढत नाही याचा अर्थ आपण ‘पचवायची ताकद’ असा लावतो. शरीराच्या भाषेत तो धोक्याचा इशारा असतो. ज्याला लवकर चढते तो लवकर थांबतो. ज्याला चढत नाही त्याचा हात रिकामा ग्लास पुढे करत राहतो.

मग २०१५-१६ चा दुष्काळ आला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा. खरीप गेलं होतं, राजाभाऊंची उधारी गावोगाव अडकली होती आणि कंपन्यांचे वसुलीचे फोन दिवसातून चार वेळा येत होते. ज्यांच्याकडून पैसे यायचे त्यांच्याकडे मागायला तोंड नव्हतं. त्यांतल्या एका शेतकऱ्यानं जीव दिल्यावर राजाभाऊ तेराव्याला जाऊन आले आणि त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी दुकानाचं शटर आतून ओढून एकट्यानं घेतली.

माझ्या मते या प्रकरणाचं वळण तिथं आहे. प्रमाण त्या रात्री वाढलं नव्हतं, दोनच पेग होते. बदललं ते कारण. आतापर्यंत दारू माणसांसाठी होती, त्या रात्री ती औषध झाली, झोपेचं आणि छातीतली धडधड थांबवायचं.

अडचण कशी वाढत गेली

दारू झोप आणते हे खरं आहे. पण ती रात्रीच्या उत्तरार्धातली झोप मोडते हेही तितकंच खरं. राजाभाऊंना पहाटे तीनला जाग यायला लागली. मग झोप टिकावी म्हणून दोनाचे तीन झाले. २०१८ पर्यंत रोजची एक क्वार्टर ठरून गेली. “फक्त क्वार्टर” हा शब्दप्रयोग मी रोज ऐकते, म्हणून हिशेब मांडते. विदेशी पद्धतीच्या दारूत अल्कोहोल ४२.८ टक्के असतं. ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. यकृत आणि मेंदू हे ग्रॅम मोजतात. बाटली देशी की इंग्लिश, सोबत भाजलेले शेंगदाणे की काजू, याची त्यांना गणती नसते.

रोजच्या या ६० ग्रॅमशी मेंदू जुळवून घेतो. मेंदूत धीमं करणारं एक रसायन आहे, गॅबा, आणि उत्तेजित करणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याला दाबते. रोजच असं व्हायला लागलं की मेंदू आपला ब्रेक सैल करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो, म्हणजे दारू पोटात असताना गाडी सरळ चालते. आता दारू काढून घ्या. ब्रेक सैल, अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव घाबरतो. आणि एक पेग घेतला की पंधरा मिनिटांत सगळं शांत होतं. असा अनुभव घेतलेल्या माणसाला ‘मनाचा निग्रह कर’ असं सांगणं म्हणजे पाण्यात बुडणाऱ्याला श्वास रोखून धर म्हणण्यासारखं आहे.

श्रावणाची गोष्ट इथं सविस्तर सांगायला हवी. राजाभाऊ आणि त्यांच्या पत्नी, त्यांना सविताताई म्हणू, दोघंही मला पुनःपुन्हा सांगत होते की ते महिनाभर सोडू शकायचे, मग व्यसन कसं? मी वर्षवार विचारलं. २०१६ पर्यंत त्रास नव्हता. २०१७ ला पहिले चार दिवस झोप नाही, ‘उपवासानं पित्त झालं’. २०१८ ला घाम आणि मळमळ. २०१९ ला दुसऱ्या दिवशी हात इतका थरथरला की पावतीवर सही होईना, मग नवव्या दिवशी गुपचूप मोडलं. घरी मात्र श्रावण पाळला अशीच नोंद राहिली. म्हणजे ज्या महिन्याला घर पुरावा मानत होतं, तोच महिना दर वर्षी आजाराचं मोजमाप घेत होता. शिवाय अचानक सोडणं आणि पुन्हा धरणं असं वारंवार झालं तर पुढच्या वेळचा त्रास वाढत जाऊ शकतो, हेही वैद्यकात माहीत आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दारूची दुकानं बंद झाली. तिसऱ्या दिवशी राजाभाऊंना घाम, उलट्या, भीती. घरच्यांना कोरोना वाटला. धाकटे भाऊ बालाजी यांनी कुठून तरी तिप्पट भावानं बाटली आणली. ती घेतल्यावर अर्ध्या तासात ‘कोरोना’ बरा झाला. त्या दिवशी घरातल्या तीन मोठ्या माणसांना सत्य दिसलं होतं, आणि तिघांनीही ते एकमेकांना बोलून दाखवलं नाही. त्या वर्षापासून सकाळी दुकान उघडण्याआधी नाइन्टी (९० मिली) सुरू झाली, हात स्थिर व्हावा म्हणून. २०२२ पर्यंत दिवसाला एक हाफ (३७५ मिली), म्हणजे साधारण १२५ ग्रॅम अल्कोहोल.

समोर आलेले पर्याय, आणि निवडले गेलेले

पहिली संधी २०१८ मध्येच होती. झोप नाही आणि रक्तदाब वाढलाय म्हणून राजाभाऊ एका डॉक्टरांकडे गेले होते. “दारू घेता का?” “कधीतरी.” संवाद तिथं संपला आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्या ते क्वार्टरसोबत घेत राहिले. दोन्हींचा परिणाम श्वासाच्या केंद्रावर एकत्र पडतो, हे त्यांना सांगितलं गेलं नव्हतं. मी डॉक्टरांना दोष देऊन मोकळी होणार नाही. बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात. पण प्रश्न बदलला असता तर उत्तर बदललं असतं. ‘घेता का’ ऐवजी ‘आठवड्यातून किती दिवस, एका वेळी किती, आणि ठरवल्यापेक्षा जास्त झाली असं कितीदा होतं’ असं विचारायला दोन मिनिटं पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी याच कामासाठी आहे. त्यात ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की धोका धरतात, २० किंवा जास्त आले की अवलंबित्वाची दाट शक्यता.

दुसरा पर्याय २०२१ मध्ये सविताताईंनी एकट्यानं निवडला. बसस्थानकाजवळच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ अशी जाहिरात होती. त्यांनी पुड्या आणल्या आणि चहातून दिल्या. पुडीवर घटक लिहिलेले नव्हते. चौथ्या संध्याकाळी दारू घेतल्यावर राजाभाऊंचं तोंड लालबुंद झालं, छाती धडधडायला लागली, उलट्या होऊन रक्तदाब पडला. ही लक्षणं डायसल्फिराम (दारू घेतली की त्रास व्हावा, म्हणून दिलं जाणारं औषध) पोटात असताना दारू घेतल्यावर होतात तशी होती. ते औषध खरं आहे, उपयोगी आहे, पण रुग्णाला पूर्ण माहिती देऊन, त्याच्या संमतीनं, हृदय आणि यकृत तपासूनच द्यायचं असतं. चोरून दिलं तर जीव जाऊ शकतो. दवाखान्यात सविताताई गप्प राहिल्या, पुडीचं सांगितलं तर पोलीस येतील या भीतीनं.

राजाभाऊंना दोन दिवसांनी कळलं. त्यांनी घरचा चहा सोडला, मग जेवणही. धाब्यावर जेवायला लागले आणि धाब्यावर दारू हाताशीच असते. सविताताई मला म्हणाल्या, “ताई, मी सोडवायला गेले आणि मीच अजून लावली.” मी त्यांना तेव्हा सांगितलं आणि इथंही लिहिते : दारू त्यांनी लावली नाही. बाईच्या हातात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. संसार तिचा, लेकरं तिची आणि सल्ला भिंतीवरचा.

तिसरा पर्याय बालाजींनी सुचवला होता : गाडी पाठवून माणसाला उचलून नेणारं एक केंद्र. तीन महिने भेट नाही, फोन नाही. सविताताईंनी नकार दिला. तो निर्णय बरोबर होता असं मला वाटतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे रुग्णाच्या हक्कांना अर्थ आहे, आणि उचलून नेलेला माणूस परतल्यावर बहुधा सगळ्यात आधी घरच्यांवर सूड घेतो.

चौथा पर्याय माळ. आषाढी २०२२. वडील म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत माळ घाल, मी मरायला मोकळा. राजाभाऊंनी खरोखर मनापासून घातली. सकाळपासून थेंब नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकानात त्यांना फीट आली. गावातल्या दवाखान्यातून फिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. तिसऱ्या रात्री खताच्या पोत्यांवरून घुशी पळताना दिसायला लागल्या, ते मुलाला ओळखेनात. दारू अचानक थांबवल्यावर ६ ते ४८ तासांत फिटी येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांत अशी भ्रमाची अवस्था, डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार नसतील तर ती जिवावर बेतते. गावात मात्र बातमी फिरली की माळ घालून चोरून प्यायला असणार, पांडुरंगानं दाखवलं. प्रत्यक्षात त्यांनी शब्द पाळला म्हणून हे झालं होतं.

काय केलं

वॉर्डातला पहिला आठवडा वैद्यकीय होता, त्यात माझं काम जवळजवळ नव्हतं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनची इंजेक्शनं, कारण दीर्घकाळ पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व संपलेलं असतं आणि ते न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लोराझेपाम हे मेंदू शांत करणारं औषध आधी पुरेशा मात्रेत, मग रोज कमी करत. पाचव्या दिवशी हातांचे पट्टे सुटले. यकृताच्या तपासणीत एसजीओटी ११२, एसजीपीटी ४८, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. हे प्रमाण दारूकडे बोट दाखवतं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी होती, सिरॉसिस, म्हणजे यकृत कायमचं घट्ट होणं, नव्हता. ‘ऑडिट’चे गुण २९.

सहाव्या दिवशी मी सगळ्यांना एकत्र बसवलं : राजाभाऊ, सविताताई, बालाजी आणि वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. या बैठकीत तीन गोष्टी झाल्या. पुडीची गोष्ट सविताताईंनी स्वतः उघड सांगितली आणि माफी मागितली. राजाभाऊंनी २०१९ चा मोडलेला श्रावण सांगितला. आणि अण्णांनी मामाचं नाव घेतलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. ते म्हणाले, “त्याला आम्ही बेवडा म्हणून सोडून दिलं. हा रोग असतो हे कुणी सांगितलंच नाही.” यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मीही बोलले नाही.

पुढच्या उपचाराची निवड राजाभाऊंवर सोपवली. डायसल्फिराम त्यांनी नाकारलं, पुडीच्या अनुभवामुळे. मानसोपचारतज्ज्ञांनी नालट्रेक्सोन सुचवलं, रोज एक गोळी, ओढ आणि ‘पहिल्या घोटाची मजा’ दोन्ही कमी करणारी. यकृताच्या तपासण्या नियमित करायच्या अटीवर ते सुरू झालं. जिल्ह्याच्या गावी आठवड्याला अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाची मराठीत सभा व्हायची, तिथं जायचं ठरलं. आणि माळ ठेवायची. काही सहकाऱ्यांना वाटलं, माळेनंच तर घात केला. मला तसं वाटलं नाही. माळेत दोष नव्हता, पहिल्या आठवड्याला औषधाची जोड नव्हती एवढंच. ज्या माणसाच्या घरात चार पिढ्या वारी आहे, त्याच्याकडून माळ काढून घेऊन मी त्याला काय देणार होते?

धंद्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. डीलर मेळावे टाळले तर योजना हुकतात, माल उशिरा येतो. शेवटी मेळाव्यांना पुतण्यानं जायचं ठरलं, आणि राजाभाऊंनी दोन मोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींना स्वतः फोन करून सांगितलं, “मी आजारी होतो, आता बंद आहे, आग्रह करू नका.” त्यांतला एक पुढच्या महिन्यात मिठाई घेऊन आला.

पुढे काय झालं

सात महिने चांगले गेले. मग फेब्रुवारीत मेहुणीच्या लग्नात, हळदीच्या रात्री, राजाभाऊंनी माळ काढून खुंटीला टांगली आणि घेतली. गोळी त्यांनी त्याआधी तीन आठवडे बंद केली होती, “आता गरज नाही” म्हणून. दोन दिवसांत परत क्वार्टरवर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सविताताईंचा फोन आला. रडत नव्हत्या. म्हणाल्या, “ताई, घसरलेत. आणतेय. अचानक बंद करायचं नाही ना?” हा शेवटचा प्रश्न ऐकून मला वाटलं, पहिल्या भरतीतून या घरानं खरंच काही नेलं होतं.

औषधांच्या आधारानं पाच दिवसांत ते सावरले. नंतर मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. माळ मोडली म्हणजे आता काय उरलं, असं म्हणून ते सभेला जाईनात. मी गावातल्या कीर्तनकार महाराजांना भेटायला गेले. त्यांना आजाराचं सांगितलं, पुन्हा घसरणं हे या आजारात नेहमी घडतं हेही सांगितलं. महाराज स्वतः दुकानावर गेले आणि खुंटीवरची माळ परत गळ्यात घातली. पुस्तकांत अशा पायरीचा उल्लेख कुठं सापडणार नाही. शेवटची भेट झाली तेव्हा त्या घसरणीला चौदा महिने झाले होते. यकृताचे आकडे सामान्य आहेत. झोप पहाटे साडेचारपर्यंत टिकते. घरचा चहा मात्र ते अजून स्वतः करून पितात आणि सविताताई ते मुकाट्यानं पाहतात.

काय वेगळं करता आलं असतं

२०१८ चे दोन मिनिटांचे प्रश्न मी वर लिहिले. टाळेबंदीत बाटली आणणाऱ्या बालाजींना मी चूक म्हणणार नाही, त्या रात्री ती बाटली नसती तर फीट तेव्हाच आली असती. पण बाटलीनंतर दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायला हवं होतं. आज निदान फोन तरी हाताशी आहेत : व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. भिंतीवरच्या जाहिरातीआधी सविताताईंच्या हाती यांतला एक आकडा पडायला हवा होता. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ माणसांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळाल्याचं दिसलं होतं. बाकीच्या ३७ घरांत बहुधा पुडी, शपथ किंवा मौन असतं.

माझी स्वतःची चूकही लिहिते. पहिल्या भरतीनंतर मी मेळावे, धाबा, मित्र या सगळ्यांची तयारी करून घेतली, पण लग्नसराई विचारात घेतली नाही. आता मी घरी सोडण्याआधी पुढच्या सहा महिन्यांची दिनदर्शिका समोर ठेवून बसते : कुठलं लग्न, कुठली जत्रा, आखाड कधी, निवडणूक आहे का. आणि गोळी ‘बरं वाटलं’ की बंद करायची नाही, हे दर भेटीत नव्यानं सांगते.

एक गोष्ट अजून चालू आहे. चौदा महिन्यांच्या त्या भेटीला बालाजी सोबत आले होते, वय ३८. मामा त्यांचाही होताच, म्हणून मी त्यांनाही दहा प्रश्न विचारले. ते फक्त बिअर घेतात, आठवड्यातून चार दिवस, ६५० मिलीच्या दोन स्ट्राँग. ८ टक्क्यांच्या अशा एका बाटलीत ४० ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे त्यांच्या दोन बाटल्या भावाच्या जुन्या क्वार्टरपेक्षा जास्त. गुण आले १५. ते म्हणाले, “मॅडम, मी श्रावण पाळतो.” राजाभाऊ शेजारीच बसले होते. त्यांनी भावाकडे वळून विचारलं, “पहिले चार दिवस झोप येते का?” बालाजींनी उत्तर दिलं नाही. मी त्यांच्या नावाचा केसपेपर काढला आहे आणि पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे.